‘हार्ड करून द्या’ एवढंच सांगू नका: गिअर, शाफ्ट आणि क्रँक बळकट करून घेताना

जुनी जिप्सी, एमएम ५४० जीप, रॅलीसाठी तयार केलेली हॅचबॅक किंवा स्पेअर मिळायचे बंद झालेली पद्मिनी, यातली एखादी गाडी दारात असेल तर कधी ना कधी गिअर किंवा शाफ्ट नवा बनवून घ्यायची, नाहीतर आहे तो बळकट करून घ्यायची वेळ येतेच. मग कुणीतरी सांगतं, “भोसरीत ने आणि हार्ड करून आण.” तुम्ही पिशवीत गिअर घालून हीट ट्रीटमेंटवाल्याकडे (भट्टीत तापवून धातूचे गुण बदलून देणाऱ्याकडे) जाता. तो विचारतो, “मटेरियल काय? एचआरसी किती? केस किती ठेवायची?” (एचआरसी म्हणजे कडकपणाचं माप, केस म्हणजे पृष्ठभागाचा कडक थर.) आणि तुमच्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नसतं. मग तो त्याच्या अंदाजाने तुमचा जॉब त्या दिवशीच्या चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत एका वेळी जाणाऱ्या मालात, टाकतो, बाहेर आल्यावर कानस घासून दाखवतो आणि म्हणतो, “बघा, झाला हार्ड.” हार्ड झालेला असतोही. पण पुढच्या घाटात त्याचा दात जातो.

कडक होणं आणि बळकट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्हाला कुठली हवी आहे हे भट्टीवाल्याला कागदावर लिहून द्यावं लागतं. माझ्या जिप्सीची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी), मागचे हाफ शाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) आणि इंजिनाची खालची बाजू या सगळ्यातून गेल्यावर जी माहिती आधी मिळाली असती तर बरं झालं असतं, ती इथे क्रमाने देतो. पूर्ण नवा माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. वर्कशॉपमध्ये मुरलेल्यांनी पहिल्या दोन पायऱ्या गाळल्या तरी चालेल.

१. आधी तुटलेला तुकडा नीट बघा

नवा पार्ट बनवायला टाकण्याआधी जुना का गेला ते कळलं पाहिजे. तुटलेला दात किंवा शाफ्टचं टोक डिझेलने धुवा, पुसा (तारेच्या ब्रशने घासू नका, खुणा जातात) आणि टॉर्चचा उजेड तिरपा टाकून भिंगाखाली बघा.

तुटीच्या एका कडेला, बहुधा दाताच्या बुडाशी जिथे वळण आहे तिथे, एक गुळगुळीत, जरा चकचकीत अर्धचंद्र दिसतो का? त्यात ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा एकामागोमाग एक रेषा असतात. तशा दिसल्या तर तो थकव्याने गेला आहे. बारीकशी भेग खूप आधी पडली, हजारो फेऱ्यांत पुढे सरकत गेली आणि उरलेला भाग शेवटी एकदम तुटला. तो शेवटचा भाग खडबडीत, दाणेदार दिसतो. अशा पार्टला बुडाशी मजबुती हवी असते: योग्य केस, मोठं वळण आणि शॉट पीनिंग (बारीक पोलादी गोळ्यांचा मारा, पाचव्या पायरीत सांगतो).

अर्धचंद्र कुठेच नाही, सगळी तूट एकसारखी दाणेदार आहे, तर एकाच झटक्यात जास्त भार आला. दगडात अडकलेलं चाक, पूर्ण दाबलेला ॲक्सिलरेटर आणि अचानक मिळालेली पकड. इथे अजून कडक करून काही होत नाही, उलट बिघडतं. गाभा चिवट हवा.

दात तुटलेला नाही, पण त्याच्या घासणाऱ्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेत, तर पृष्ठभाग दाबाखाली हरला आहे. केस पातळ होती, किंवा तेल चुकीचं होतं, किंवा दोन गिअर एकमेकांवर सरळ बसत नव्हते. तिसरं कारण असेल तर जगातली कुठलीही ट्रीटमेंट उपयोगाची नाही, आधी बेअरिंग आणि शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) बघा.

एवढं बघायला पंधरा मिनिटं लागतात, पण पुढचा सगळा खर्च योग्य जागी होतो की नाही हे त्यावर ठरतं.

२. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही

कंपनीचा नवा गिअर आधीच केस हार्ड केलेला असतो. “अजून थोडा हार्ड करून घेऊ” म्हणून तो पुन्हा कार्बुरायझिंगच्या (पृष्ठभागात कार्बन मुरवण्याच्या) भट्टीत टाकू नका. दात वाकतात, बोअर (मधलं भोक) हलतो, स्प्लाइन (शाफ्टला पकडणाऱ्या लांब खाचा) बसत नाहीत, आणि ग्राइंडिंगला जास्तीचं मटेरियल तर नसतंच. तयार गिअरवर करण्यासारखं म्हणजे शॉट पीनिंग, दातांच्या कडा गोल करणं, पृष्ठभाग गुळगुळीत करणं. हौस असेल तर क्रायो (अतिथंड ट्रीटमेंट). बास.

नव्याने कापून घेतलेल्या गिअरची गोष्ट वेगळी. तो मऊ अवस्थेत कापलेला असतो, त्याला पूर्ण ट्रीटमेंट लागतेच.

कनेक्टिंग रॉड: बाजू पॉलिश करून शॉट पीनिंग, फार उपयोगी. पण रॉडचे बोल्ट ट्रीट करायचे नाहीत. नवे आणायचे.

पितळी सिंक्रोनायझर रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणारी), सर्क्लिप (खाचेत बसणारी कडी), स्प्रिंग, बेअरिंग यातलं काहीही भट्टीत जात नाही. ॲल्युमिनियमचे पिस्टन आणि हेडही नाहीत. ॲल्युमिनियमची हीट ट्रीटमेंट असते, पण ती पूर्ण वेगळी आणि कमी तापमानाची. पोलादाच्या चार्जमध्ये ॲल्युमिनियम चुकून गेलं तर वितळून खाली सांडेल, कारण ते ६६० अंशालाच वितळतं.

आणि हाफ शाफ्टबद्दल एक. मोठे टायर लावले की आधी हाफ शाफ्ट जातात, म्हणून सगळे तेच बळकट करायला निघतात. ते बळकट केल्यावर भार पुढच्या कमजोर जागेवर जातो, म्हणजे क्राउन-पिनियनवर (ॲक्सलमधल्या मुख्य गिअरजोडीवर). तुटलेला हाफ शाफ्ट जंगलात बाहेर ओढून बदलता येतो. क्राउन-पिनियन फुटलं तर गाडी ओढत आणावी लागते. म्हणून मी मागचे शाफ्ट मुद्दामच मूळच्यापेक्षा थोडेच सरस ठेवले आहेत.

३. लागणाऱ्या गोष्टी

घरून निघण्यापूर्वी हे जवळ असू द्या:

- जुना पार्ट, तुटला असेल तर सगळे तुकडे
- ड्रॉइंग. हाताने काढलेलं चालेल, पण मापं आणि सहनमर्यादा (टॉलरन्स) लिहिलेली हवी
- मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट. बाजारात त्याला नुसतं ‘टीसी’ म्हणतात
- त्याच बारमधून कापलेला बोटाएवढा टेस्ट पीस (जॉबसोबत भट्टीत जाणारा, नंतर कापून तपासायचा तुकडा)
- व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज आणि दोन व्ही-ब्लॉक (शाफ्ट ठेवायचे व्ही आकाराच्या खाचेचे ठोकळे)
- चलनाच्या दोन प्रती

तुमचा जीएसटी नंबर असेल तर सीजीएसटी कायद्याच्या कलम १४३ खाली माल जॉबवर्कला डिलिव्हरी चलनावर, कर न भरता पाठवता येतो. नसेल तर साधं सहीचं चलन पुरतं, पण ते हवंच. तोंडी दिलेला जॉब हरवला किंवा दुसऱ्याच्या चार्जमध्ये मिसळला तर तुमच्या हातात काहीच राहत नाही.

४. मटेरियल ओळखा, मगच ट्रीटमेंट ठरवा

सगळी गडबड इथे होते, म्हणून जरा सावकाश वाचा.

कार्बुरायझिंगच्या पोलादात मुळात कार्बन कमी असतो, ०.२ टक्क्याच्या आसपास. २०एमएनसीआर५, एसएई ८६२०, ईएन-३५३, ईएन-३६ ही त्या घरातली नावं. यांच्या पृष्ठभागात भट्टीत कार्बन मुरवतात, त्यामुळे वरचा थर कडक आणि आतला गाभा चिवट राहतो. गिअरला नेमकं हेच हवं.

ईएन-१९ आणि ईएन-२४ मध्ये कार्बन ०.४ टक्क्याच्या जवळ असतो. शाफ्टसाठी उत्तम. हार्डनिंग-टेंपरिंग करा (तापवून, बुडवून कडक करणं आणि मग कमी तापमानाला पुन्हा तापवून चिवट करणं), वर हवं तर नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणं) करा. पण यांना कार्बुरायझिंग करू नका. गाभाच एवढा कडक होतो की झटक्याला दात टिकत नाही. गिअर कापणाऱ्याकडे ईएन-२४ चा बार पडलेला असतो आणि तो म्हणतो, “साहेब, ईएन-२४ म्हणजे एक नंबर मटेरियल.” एक नंबरच आहे, पण दुसऱ्या कामासाठी.

ईएन-८ हे साधं मध्यम कार्बनचं पोलाद. इंडक्शन हार्डनिंग (विजेच्या कॉइलने नुसता पृष्ठभाग तापवून कडक करणं) छान घेतं, पण जास्त भाराच्या गिअरला कमी पडतं.

बाजारातून बार घेताना टीसी घ्या आणि तरीही स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे ते सांगणारी तपासणी) करून घ्या. बारच्या टोकाला रंग काय मारलाय यावर जाऊ नका. स्पेक्ट्रोला बटणाएवढा तुकडा लागतो, निकाल काही मिनिटांत हातात येतो आणि पूर्ण गिअर कापण्याच्या मजुरीपुढे त्याचे पैसे किरकोळ आहेत. पुण्यात आणि कोल्हापुरात एमआयडीसीच्या आसपास अशा लॅब मिळतात. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली बघा.

५. कुठली ट्रीटमेंट

गॅस कार्बुरायझिंग. गिअर ९०० ते ९३० अंशाला कार्बनयुक्त वायूत ठेवतात, मग साधारण ८२० ते ८४० पर्यंत उतरवून गरम तेलात बुडवतात (हेच क्वेंचिंग) आणि लगेच १५० ते १८० अंशाला टेंपर करतात. पृष्ठभाग ५८ ते ६२ एचआरसी आणि गाभा ३० ते ४० च्या दरम्यान मिळायला हवा. कार्बन आत शिरायला वेळ लागतो आणि तो सरळ हिशेबाने लागत नाही: थर दुप्पट हवा असेल तर वेळ चौपट. म्हणून भट्टीवाल्याला घाई असली की पहिला बळी केस डेप्थचा जातो. वरून कानस लावली तर पातळ केससुद्धा कडकच वाटते.

मग जास्तीत जास्त खोल केस मागावी का? नाही. दाताचा शेंडा अरुंद असतो, तिथे कार्बन दोन्ही बाजूंनी शिरतो. केस फार खोल गेली तर शेंडा आरपार कडक होतो आणि गिअर टाकताना कपच्या उडतात. कारच्या गिअरबॉक्समधल्या मध्यम दातांसाठी ०.६ ते ०.९ मि.मी. परिणामकारक केस साधारण ठीक असते. ‘परिणामकारक’ हा शब्द चलनावर लिहा. त्याचा अर्थ, पृष्ठभागापासून ५५० व्हिकर्स (एचव्ही, कडकपणाचं दुसरं माप) कडकपणा जिथपर्यंत टिकतो तिथपर्यंतची खोली. नुसतं ‘केस १ मि.मी.’ लिहिलंत तर भट्टीवाला एकूण थर मोजून देईल आणि कागदावर तो बरोबरही ठरेल.

नायट्रायडिंग. तापमान ५०० ते ५३० अंशांच्या आसपास, तेलात बुडवणं नाही, त्यामुळे पार्ट फारसा वाकत नाही. वेळ मात्र भरपूर, कित्येकदा दोन दिवस. थर पातळ, ०.२ ते ०.५ मि.मी. क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, ईएन-१९ आणि ईएन-२४ चे शाफ्ट यांच्यासाठी उत्तम. आधी हार्डनिंग-टेंपरिंग झालेलं असावं लागतं, आणि ते टेंपरिंग नायट्रायडिंगपेक्षा निदान तीस-चाळीस अंश वरच्या तापमानाला झालेलं असावं, नाहीतर भट्टीत गाभा मऊ पडतो. टेंपरिंगचं तापमान कधीच कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

क्रँकच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा. आधी भेगा तपासायच्या, मग दहा किंवा वीस साइजला (इंचाचे दहा किंवा वीस हजारांश भाग कमी करून) ग्राइंडिंग, मग नायट्रायडिंग, मग हलकं पॉलिश. उलट केलंत तर पैसे खर्चून चढवलेला थर ग्राइंडिंगच्या दगडाने निघून जातो. ग्राइंडिंगवाल्याला जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या) कडेचं वळण मूळच्याइतकंच ठेवायला बजावा. तिथे काटकोन आला की क्रँक तिथूनच तुटतो, मग थर कितीही चांगला असो. आणि तेलाच्या वाटा बंद करणारे प्लग आधी काढून आतला कचरा साफ करा.

इंडक्शन हार्डनिंग. तांब्याच्या कॉइलमध्ये काही सेकंदांत पृष्ठभाग लाल होतो आणि त्यावर लगेच पाणी किंवा पॉलिमरचा फवारा पडतो. हाफ शाफ्ट आणि कॅमच्या उंचवट्यांना योग्य. एक धोका लक्षात ठेवा: कडक पट्टा जिथे संपतो तिथे शाफ्ट कमजोर असतो. तो शेवट स्प्लाइनच्या टोकाशी किंवा व्यास बदलतो त्या जागी येऊ देऊ नका. ड्रॉइंगवर ‘इथून इथपर्यंत’ असं आखून द्या.

शॉट पीनिंग. बारीक पोलादी गोळ्या ठरावीक वेगाने आपटवतात, त्यामुळे पृष्ठभागात दाबाचा ताण साठतो आणि थकव्याच्या भेगा उघडायला अडचण होते. पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फायदा मला यातच दिसला. पण शॉट ब्लास्टिंग आणि शॉट पीनिंग एक नव्हे. ब्लास्टिंग म्हणजे गंज आणि खपली काढणं. पीनिंगमध्ये अल्मेन पट्टीवर (माऱ्याने किती वाकते ते बघायच्या पोलादी पट्टीवर) तीव्रता मोजलेली असते. “अल्मेन किती ठेवता?” असं विचारा. समोरचा गोंधळला तर तो ब्लास्टिंगच करतोय. बेअरिंग बसण्याच्या जागा झाकून घ्या आणि पीनिंगनंतर दाताच्या बुडाशी ग्राइंडिंग करू नका. पार्ट पुन्हा २०० अंशांच्या वर तापवूही नका, सगळं वाया जातं. रॉडला पीनिंग केलं असेल तर नंतर मोठ्या बोअरचं माप पुन्हा बसवून घ्यावं लागतं.

क्रायो. द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांपर्यंत हळूहळू थंड करून नंतर पुन्हा टेंपरिंग. कार्बुरायझिंगनंतर पृष्ठभागात जो मऊ ऑस्टेनाइट (पोलादाची एक अंतर्गत रचना) शिल्लक राहतो त्याचं कडक मार्टेन्साइटमध्ये रूपांतर होतं. झीज कमी होण्यासाठी उपयोग आहे. पण दात बुडातून मोडण्याविरुद्ध निकाल एकसारखे येत नाहीत. थोडा ऑस्टेनाइट राहिलेला गिअरला मानवतोही. शिवाय क्वेंचिंगनंतर लगेच केली तरच खरा परिणाम, कारण महिनाभर पडून राहिलेल्या गिअरमधला ऑस्टेनाइट स्थिरावलेला असतो. रॅलीवाल्या मित्रांमध्ये याचं फार कौतुक आहे. माझं मत विचाराल तर ते पैसे आधी पीनिंगला द्या.

राहिली बाटलीतली ‘मेटल ट्रीटमेंट’. इंजिन ऑइलमध्ये ओतली की धातूचा कायापालट होतो म्हणणारी. तेलातली रसायनं पृष्ठभागावर घर्षण कमी करणारा पातळ थर देतात, ते काम चांगल्या तेलात मुळातच केलेलं असतं. केस, गाभा, थकवा यातलं काहीही बाटलीने बदलत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० च्या दशकात अशा काही ॲडिटिव्हच्या जाहिरातींवर कारवाईही केली होती. ओल्या क्लचच्या (क्लच इंजिन ऑइलमध्येच चालतो अशा) बाइकमध्ये तर हे ओतूच नका, क्लच घसरायला लागतो.

६. भट्टीत जाण्याआधी

गिअर कापणाऱ्याला सांगायच्या गोष्टी: दाताच्या कडा मोडा, धारदार कोपरा कुठेही ठेवू नका, शाफ्टवर गिअर पकडून ठेवणाऱ्या किल्लीच्या (की) खाचेत वळण द्या. क्वेंचिंगच्या भेगा कोपऱ्यातूनच निघतात. बोअरला आणि बेअरिंगच्या जागांना ग्राइंडिंगसाठी मटेरियल राखून ठेवा, व्यासावर ०.२ ते ०.३ मि.मी. बहुतेक छोट्या जॉबला पुरतं. ग्राइंडिंगमध्ये जेवढं निघणार तेवढी केस जास्त मागायची, हा हिशेब विसरू नका.

आटे, सर्क्लिपच्या खाचा आणि ड्रिल करायच्या जागा यांना कार्बन लागू नये म्हणून अँटी-कार्ब पेंट किंवा तांब्याचा मुलामा द्यावा लागतो. कडक झालेले आटे नट आवळताना तुटतात. भट्टीवाला स्वतःहून पेंट लावेल या भरवशावर राहू नका, ड्रॉइंगवर लाल पेनने दाखवा.

पार्ट तेलकट, गंजका देऊ नका. नायट्रायडिंगला तर बोटाचा ठसाही उमटतो.

इंजिन नंबर ज्या भागावर कोरलेला आहे त्या ब्लॉकच्या पृष्ठभागाला ब्लास्टिंग, ग्राइंडिंग काही लागू देऊ नका. त्याचे फोटो काढून ठेवा.

७. चलनावर काय लिहायचं

माझ्या ट्रान्सफर केसच्या गिअरसाठी लिहिलेला मजकूर साधारण असा होता, हवा तर उतरवून घ्या:

“मटेरियल २०एमएनसीआर५, टीसी जोडला आहे. गॅस कार्बुरायझिंग, क्वेंचिंग, टेंपरिंग. पृष्ठभाग ५८ ते ६२ एचआरसी. ग्राइंडिंगपूर्वी परिणामकारक केस ०.८ ते १.० मि.मी., ५५० एचव्हीला. गाभा ३० ते ४० एचआरसी. आट्यांना अँटी-कार्ब पेंट. शाफ्ट उभे टांगावेत. टेस्ट पीस याच चार्जमध्ये, जॉबच्या शेजारी. टेस्ट पीस परत हवा. रिपोर्टवर चार्ज नंबर हवा.”

शाफ्ट उभे टांगण्याचं का? आडवा ठेवलेला लांब शाफ्ट ९०० अंशाला स्वतःच्या वजनाने झोल धरतो. नंतर प्रेसखाली बेंड काढता येतो, पण केस हार्ड शाफ्टचा बेंड काढताना भेग पडू शकते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. एका ठिकाणी माझा शाफ्ट असाच ‘सरळ’ होऊन आला होता. मॅग्नाफ्लक्सखाली (चुंबकाने भेगा दाखवणाऱ्या तपासणीत) मधोमध केसाएवढी रेघ उजळली, शाफ्ट भंगारात गेला. आता मी चलनावर लिहितो, “बेंड काढायचा असल्यास आधी फोन करावा.”

८. जागा निवडणं

हीट ट्रीटमेंटचा भाव किलोवर असतो आणि त्यावर किमान रक्कम ठरलेली असते. तुमचा एक गिअर घेऊन गेलात तर किमान रक्कमच लागणार. त्यामुळे दोन-तीन गाडीवाल्यांनी एकाच मटेरियलचे जॉब एकत्र नेणं परवडतं.

पुण्याच्या बाजूला भोसरी आणि चाकण, नाशिकला सातपूर आणि अंबड, संभाजीनगरला वाळूज, कोल्हापुरात शिरोली आणि गोकुळ शिरगाव, या औद्योगिक भागांत विचारत फिरलात तर काम मिळतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एकाच गल्लीत टर्नर, गिअर कापणारा आणि ग्राइंडिंगवाला सापडण्याची सोय आहे, बाहेरगावच्या माणसाला ती मोठी. मोठ्या वाहन कंपन्यांची कामं करणाऱ्या भट्ट्या सुट्या जॉबला बहुधा नाही म्हणतात. त्यात त्यांचं चुकत नाही, पण तिथला सुपरवायझर चांगल्या छोट्या जागेचं नाव सांगतो.

आत गेल्यावर बघायचं ते असं: तापमानाची नोंद कागदावर किंवा स्क्रीनवर होते का, स्वतःचा रॉकवेल (एचआरसी मोजायचं यंत्र) आहे का, त्यावर तपासणीचा प्रमाणित ठोकळा ठेवलाय का. आणि क्वेंचिंगच्या टाकीजवळ उभे राहा. लाल टोपली तेलात शिरते तेव्हा ती विनाथांबा, सरळ खाली गेली पाहिजे. साखळी अडकून टोपली अर्धी बाहेर लोंबकळते, वरचे दात हवेत निवतात, ज्वाळा उठतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, असं दिसलं तर नमस्कार करून निघा.

९. परत आल्यावर तपासणी

कानस ही तपासणी नव्हे. एवढंच कळतं की वरचा थर मऊ नाही.

रॉकवेल सी मध्ये हिऱ्याचा शंकू आधी १० आणि मग एकूण १५० किलो भाराने दाबतात. तो खड्डा दाताच्या चालत्या अंगावर घेऊ देऊ नका, गिअरच्या सपाट बाजूवर घ्या. नायट्रायडिंगच्या पातळ थरावर मात्र हे यंत्र फसतं. एवढ्या भाराला हिरा थर फोडून गाभ्यात जातो आणि आकडा कमी येतो. मग गिऱ्हाईक म्हणतो काम खराब, भट्टीवाला म्हणतो बरोबर, आणि दोघंही खरं बोलत असतात. तिथे कमी भाराचा व्हिकर्स घ्यायला सांगा.

टेस्ट पीस कापून लॅबमध्ये केस डेप्थ मोजून घ्या. गिअर न तोडता खात्री करण्याचा याहून चांगला मार्ग नाही, म्हणून तो तुकडा त्याच बारचा असण्यावर मी अडून बसतो.

नंतर मॅग्नाफ्लक्स, ग्राइंडिंगच्या आधी आणि ग्राइंडिंगनंतर, दोन्हीदा. शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने रन आउट (फिरताना किती डगमगतो ते) बघा. ग्राइंडिंग घाईने झालं असेल तर पृष्ठभाग भाजतो आणि वरून चकचकीत दिसतो. नायटलने (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणाने) एचिंग केलं की भाजलेले पट्टे काळपट उमटतात. मुलामा दिलेले कडक पार्ट असतील तर मुलाम्यानंतर काही तासांच्या आत २०० अंशांजवळ भाजून हायड्रोजन काढला का तेही विचारा. नाहीतर पार्ट नुसता आवळून ठेवलेला असताना तुटतो.

१०. कागदपत्रांची बाजू

आतले गिअर किंवा शाफ्ट तेवढ्याच मापाचे पण बळकट केले तर नोंदणीतला तपशील बदलत नाही. इंजिनच दुसरं टाकलं तर बदलतो, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तिथे लागू होतं, आरटीओची परवानगी घ्यावी लागते. वॉरंटी चालू असलेल्या गाडीचा गिअरबॉक्स उघडणार असाल तर वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवा. स्पर्धेत उतरणार असाल तर आपल्या गटाचे एफएमएससीआयचे (देशातल्या मोटरस्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाचे) नियम आधी वाचा. काही गटांत मूळ पार्टशिवाय काहीच चालत नाही, मग ट्रीटमेंट कितीही सुंदर असो.

११. जोडणी आणि पहिले काही दिवस

जोडण्यापूर्वी सगळे पार्ट धुवा, तेलाच्या वाटांमधून तार आणि हवा फिरवा. पीनिंगची एखादी गोळी आत राहिली तर बेअरिंग संपलं. गिअर जोडीनेच बदला. नवा कडक गिअर जुन्या झिजलेल्या गिअरशी जोडला की दोघंही लवकर जातात. दातांवर निळा रंग लावून फिरवा आणि ठसा मधोमध पडतो का बघा. कडेला पडत असेल तर शिम बदला, गिअर घासू नका.

पितळी सिंक्रोनायझर असलेल्या गिअरबॉक्समध्ये मॅन्युअलमध्ये जीएल-४ (गिअर ऑइलचा वर्ग) लिहिलं असेल तर जीएल-४ च घाला, ‘वरचं’ म्हणून जीएल-५ नको.

पहिले पाचशे किलोमीटर पूर्ण भार टाळा, चढावर वरच्या गिअरमध्ये ओढत नेऊ नका, आणि मग तेल गरम असतानाच काढा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळी, लोण्यासारखी मऊ पूड दिसेल. ती चिमटीत चोळा. बोटांवर नुसता काळा लेप राहिला तर नवं तेल भरून गाडी काढा. कण टोचले किंवा चपटी कपची हाताला लागली तर तेल भरू नका, गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवा.